पायाखालचा खर्च

घरात सर्वांत अधिक वापरली जाणारी आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी जमिनीचे नाव घेईन. भिंतीकडे आपण येताजाता पाहतो, छताकडे ते गळू लागले म्हणजे पाहतो. परंतु जमिनीकडे, तिच्यावर काही सांडल्याखेरीज अथवा हरवल्याखेरीज, आपली दृष्टी वळत नाही. अशा या उपेक्षित वस्तूने गेल्या वर्षी माझे चार महिने खाल्ले. घरातले जुने कार्पेट काढून त्या जागी लाकडी जमीन करावी की करू नये, एवढाच प्रश्न होता. वरवर पाहता तो दरपत्रकाचा. फार तर गृहसजावटीचा. नीतिशास्त्राशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. आज तसे हसू येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

हकीगत थोडक्यात अशी. बंगळुरात आम्ही घेतलेले घर जुने आहे. एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. आमच्या आधीच्या मालकांनी बाहेरची खोली आणि निजण्याची खोली या दोहोंत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवून घेतले होते. राखाडी रंगाचे, एके काळी मऊ असावे असे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमीन चांगलीच गार पडते. तेव्हा असले पांघरूण कोणाला सुखाचे वाटले असल्यास नवल नाही. परंतु पायाला जे सुख देते ते छातीला मानवतेच असे नाही. कार्पेटच्या तंतूंत धूळ साठते, धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात, आणि दम्याच्या रोग्याला त्यांचा त्रास होतो. माझी आई वर्षातले चार-सहा महिने आमच्याकडे असते. तिला दमा आहे. ती आली की आठवड्याच्या आत खोकला सुरू होई, आणि मग ती आपली वळकटी उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, जेथे कार्पेट संपते आणि मोझेइकची फरशी लागते तेथे, जाऊन निजे. "तुझ्या घरात पाय जमिनीला लागतच नाही रे," असे ती एकदा म्हणाली. मी ते तक्रारींच्या यादीत टिपून ठेवले. त्याचा अर्थ लागायला पुढे बराच वेळ गेला.

कार्पेट काढायचे ठरले. येथपर्यंत वादाला जागा नाही. परंतु 'काढणे' या क्रियापदाची जागा 'बदलणे' या क्रियापदाने नेमकी केव्हा घेतली, हे मला आजही सांगता येत नाही. एक वस्तू उचलली की तिच्या जागी दुसरी आलीच पाहिजे, हे आम्ही कोणी न बोलता गृहीत धरले. आणि ती दुसरी वस्तू लाकूडच असावी, हेही. एका सहकाऱ्याच्या घरी लाकडी जमीन पाहिली होती. संध्याकाळच्या दिव्यात ती मधासारखी दिसत होती. मनात काय उतरले ते त्या वेळी कळले नाही. पण उतरले होते खास.

दरपत्रक मागवले. बाजारात 'लाकडी जमीन' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हे त्या निमित्ताने समजले. पहिली, सबंध लाकडाच्या फळ्यांची; ती आमच्या आवाक्याबाहेरची. दुसरी, प्लायवूडच्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा बसवलेली. तिसरी, लॅमिनेट या नावाची: लाकडाचे तंतू दाबून केलेली घट्ट पाटी, तिच्यावर लाकडाच्या रेषांचे छापील चित्र, आणि चित्र झिजू नये म्हणून वर पारदर्शक लेप. म्हणजे लाकडाच्या चुऱ्यावर चिकटवलेले लाकडाचेच छायाचित्र. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. साग पुरता वाढायला ५०-६० वर्षे लागतात. ज्याने रोप लावले त्याच्या नातवाने तोडावे, असा हा व्यवहार. चित्रावर समाधान मानणारा माणूस निदान तेवढा काळ पायाखाली तुडवीत नाही. आमच्या पगाराला झेपणारी हीच होती.

दोन्ही खोल्यांचे क्षेत्रफळ ३१० चौरस फूट आणि फळीचा दर चौरस फुटाला १६५ रुपये. मी मनातल्या मनात गुणाकार करून ५१ हजारांचा आकडा धरून चाललो होतो. प्रत्यक्षात कापाकापीत वाया जाणाऱ्या मालापोटी १० टक्के अधिक, म्हणजे ३४१ चौरस फूट माल घ्यावा लागतो: त्याचे ५६,२६५ रुपये. फळ्यांखालच्या फोमच्या अस्तराचे ४,०९२. भिंतीच्या कडेने १३० फूट पट्टी, तिचे ९,१००. बसवण्याची मजुरी ७,७५०. जुने कार्पेट उखडून खालचा गोंद खरवडण्याचे ४,६५०. जमीन सुमारे १ सेंटिमीटरने वर येणार, तेव्हा तीन दारांच्या खालच्या कडा रंधून घेण्याचे १,८००. उंबऱ्यांशी लावायच्या जोडपट्ट्यांचे २,५५०. बेरीज ८६,२०७, वर कर १५,५१७. एकूण १,०१,७२४ रुपये. ज्या फळीचा दर १६५ रुपये, तिची जमीन चौरस फुटाला ३२८ रुपयांना पडत होती. यात फसवणूक कोठेही नव्हती. प्रत्येक बाब आवश्यक होती आणि विचारल्यावर समजावूनही सांगितली गेली. वस्तूची किंमत आणि वस्तू घरात येण्याची किंमत यांत अंतर असते. ते आपण इच्छेच्या भरात वजा टाकतो, इतकेच.

त्या कारागिराने सांगितलेली एक गोष्ट मात्र बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. फळ्या घरात आणल्यावर त्या लगेच बसवायच्या नसतात. ४८ तास त्याच खोलीत नुसत्या पडू द्यायच्या, म्हणजे तेथील हवेशी त्या जुळवून घेतात. आणि बसवतानाही भिंतीलगत थोडी मोकळी फट ठेवायची, कारण दमट दिवसांत लाकूड फुगते. केंद्र सरकार आपल्या नोकराला १,००० किलोमीटरांच्या आतल्या बदलीसाठी रुजू होण्यास १० दिवस देते. लाकडाला दोन पुरतात. परंतु भिंतीलगतची फट मात्र दोघांनाही लागते.

असो. १,०१,७२४ रुपयांचा तो कागद मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. माझे कचेरीतले काम खर्चाच्या प्रस्तावांवर टिपणे लिहिण्याचे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील २१ वा नियम मला पाठ आहे. वाचकांपैकी अनेकांनाही असेल. वित्तीय औचित्याची जी प्रमाणे त्यात घालून दिली आहेत, त्यांतले पहिले असे, की सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जी दक्षता बाळगतो तीच सरकारी पैशाच्या बाबतीत अधिकाऱ्याने बाळगावी. दुसरे असे, की प्रसंगाला लागतो त्याहून अधिक खर्च सकृद्दर्शनी नसावा. तिसरे असे, की ज्यातून स्वतःलाच प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ होईल असा खर्च मंजूर करण्यासाठी कोणी आपला अधिकार वापरू नये.

या नियमाकडे मी इतकी वर्षे एकाच बाजूने पाहत आलो होतो. त्यात कचेरीला घराचे उदाहरण घालून दिले आहे. घर हा मापदंड, कचेरी ही मोजायची वस्तू. परंतु तो मापदंड खरा आहे काय, हे तपासण्याची पाळी माझ्यावर प्रथमच आली. कचेरीत दहा हजारांच्या खुर्च्या घ्यायच्या तर मी लिहितो, 'गरज स्पष्ट केलेली नाही, प्रस्ताव परत.' घरात लाखाचा प्रस्ताव आला, आणि तेथे अर्जदार मी, शिफारस करणारा मी, मंजुरी देणारा मी आणि पुढे हिशेब तपासणाराही मीच. तिसरे प्रमाण तर घरात लागूच पडू शकत नाही; कारण स्वतःच्या लाभासाठी मंजुरी देऊ नये म्हटले, तर घरातला कोणताच खर्च मंजूर होणार नाही. तेव्हा उरते दुसरे: प्रसंगाला लागतो तेवढाच खर्च.

प्रसंग कोणता होता? आईचा खोकला. त्याला काय लागत होते? कार्पेट उखडणे आणि गोंद खरवडणे. त्याचे ४,६५० रुपये. मग उरलेले ९७ हजार कशाचे? ते माझ्या डोळ्यांत भरलेल्या मधाच्या रंगाचे. ही इच्छा वाईट होती असे मी म्हणत नाही. परंतु ती मी आईच्या औषधपाण्याच्या लेखाशीर्षाखाली मांडली होती. नातलगांना, शेजाऱ्यांना, बायकोला आणि स्वतःलाही मी एकच वाक्य ऐकवत होतो, 'आईला त्रास होतो म्हणून करतो आहे.' लेखापरीक्षकांच्या भाषेत याला चुकीचे वर्गीकरण म्हणतात. रक्कम खरी असते, पावती खरी असते, वस्तूही आलेली असते. फक्त ज्या नावावर खर्च पडला ते नाव खोटे असते.

माणूस असे का करतो, याचा मी बराच विचार केला. निव्वळ लाज हे कारण पुरेसे वाटत नाही. चांगल्या घराची इच्छा लाजेची नाही, आणि मला तशी लाज वाटतही नव्हती. खरे कारण निराळे असावे. इच्छा स्वतःच्या नावाने पुढे आली, तर तिला इतर मागण्यांच्या रांगेत उभे राहावे लागते. दुसऱ्याच्या दुखण्याचे नाव घेऊन आली, तर रांग मोडून पुढे जाता येते. आणि माझ्या बाबतीत त्या रांगेत एक मागणी दोन वर्षांपासून उभी होती.

आमचे मूळ घर कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात. तेथे धाकटा भाऊ शेती पाहतो. त्या घराच्या माजघराची भुई अद्याप मातीची होती. पावसाळ्यात खालून ओल येते, पोपडे सुटतात, आणि दर आठवड्याला ती शेणाने सारवावी लागते. पूर्वी आई सारवीत असे. आता भावजय सारवते. दोन वर्षांपूर्वी गणपतीला गेलो असताना तिने, भावाच्या देखत नव्हे, मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा, हळूच म्हटले होते, "दादा, माजघरात तेवढी शहाबादी घालून घेतली असती तर बरं झालं असतं." भावाने खर्च काढला तो ३८ हजारांचा. मी होकार दिला होता. मग त्या वर्षी घराचा हप्ता वाढला; दुसऱ्या वर्षी मुलीची शाळा. "पुढल्या वर्षी नक्की" हे वाक्य मी दोनदा उच्चारले, आणि दोन्ही वेळा ते मनापासून उच्चारले. पुढे आवर्त ठेवीची मुदत भरली, पैसे हातात आले. आणि त्या पैशांतून मी लाकडी जमिनीचे दरपत्रक मागवले. एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळवण्याला पुनर्विनियोजन म्हणतात आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. येथे सक्षम अधिकारी कोण होता? रक्कम माझी असली, तरी तिच्यावर मी दिलेला शब्द दुसऱ्या कोणाचा झाला होता.

आपल्याकडे अशा वेळी दोन म्हणी मदतीला धावतात. एक म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावे. ही म्हण लांबीची गोष्ट सांगते. अंथरूण कोणाचे आहे ते सांगत नाही. माझे पाय अंथरुणात मावत होते, कारण पैसे होते. परंतु त्या अंथरुणाचा एक तुकडा गावाकडे कबूल केलेला होता. दुसरी म्हण म्हणते, हौसेला मोल नसते. ही तर हौसेच्या बाजूने वकिली करणारी. हौसेला मोल असते, आणि ते कोणी ना कोणी देतेच. देणारा पुष्कळदा दुसऱ्या खोलीत, क्वचित दुसऱ्या गावात असतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९ च्या सुमारास एक लहानसा निबंध लिहिला होता. कोणीतरी दिलेल्या नव्या भरजरी झग्यासाठी त्याने आपला जुना झगा टाकून दिला, आणि मग त्या नव्या झग्याशेजारी जुनी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची चित्रे ही सर्व एकामागून एक दरिद्री दिसू लागली, म्हणून तीही बदलावी लागली. जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा गुलाम झालो, अशा आशयाची खंत त्याने व्यक्त केली आहे. माझी लाकडी जमीन अजून कागदावरच होती, तोच मी बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे तिरस्काराने पाहू लागलो होतो. त्या कपाटाचा अपराध काय? ते मधाच्या रंगाला शोभणार नव्हते.

येथे एखादा विरक्त वाचक म्हणेल, की उत्तर सोपे आहे, हव्यास सोडावा. सेवाग्रामच्या बापूकुटीची जमीन मातीचीच आहे, आणि ज्याच्या शब्दावर देश हलत असे तो माणूस तेथे राहिला. हे खरे आहे, आणि त्या कुटीत शिरताना मान आपोआप लवते. परंतु त्या आश्रमात आपले काम आपण करण्याचा नियम होता. मातीच्या भुईची थोरवी गाण्याचा अधिकार ती स्वतः सारवणाऱ्याचा. मी बंगळुरात बसून साधेपणावर भाषण द्यावे आणि भावजयीने भुदरगडच्या पावसात शेणाचा पोतेरा फिरवावा, याला अपरिग्रह म्हणता येणार नाही. साधेपणा हे मोठे व्रत आहे. ते दुसऱ्याकडून पाळून घेता येत नाही.

या विरक्तीला खरे उत्तर माझ्या पत्नीने दिले. तिला लाकडी जमीन हवी होती आणि तिने ती कधी आईच्या नावावर मांडली नव्हती. तिचे म्हणणे सरळ होते. आपण गावाकडून आलो, या शहरात दहा वर्षे काढली, कर्ज काढून घर घेतले. तरी अजून दुसऱ्याने चिकटवलेल्या कार्पेटवर राहतो, दुसऱ्याने ठोकलेल्या खिळ्यांना आपली चित्रे टांगतो. बदलीच्या नोकरीत माणसे घर सजवत नाहीत. 'येथे कोठे कायमचे राहायचे आहे' असे म्हणत म्हणत वीस वर्षे काढतात, आणि जेथे कायमचे राहायचे तेथे जातात तेव्हा तेथलेही उरलेले नसतात. १६३८ नंतर ही नगरी शहाजीराजांच्या जहागिरीत होती, तेव्हापासून मराठी माणूस येथे आहे. अजून किती दिवस पाहुण्यासारखे राहायचे? शिवाय, ती म्हणाली, मीही नोकरी करते. माझे पाय डिसेंबरात गारठतात. मला सुंदर जमीन आवडते. यात दुसऱ्या कोणाचे कारण कशाला पाहिजे?

तिचे हे बोलणे ऐकताना मला कळले, की आम्हा दोघांत प्रामाणिक तीच होती. तिची इच्छा तिच्याच नावावर होती, म्हणून तिच्याशी बोलता येत होते. ती किती खरी, किती निकडीची, पुढे ढकलता येईल काय, थोडक्यात भागेल काय, हे सारे तिला विचारता येत होते. माझ्या इच्छेला यांपैकी काहीच विचारता येत नव्हते. कारण ती आईच्या खोकल्याआड उभी होती, आणि आईच्या खोकल्याला 'पुढल्या वर्षी पाहू' असे कोण म्हणणार? हौस ही वाईट नव्हे. वाईट आहे ती बेनामी हौस. मी पत्नीला गावाकडच्या शहाबादीची आठवण दिली. तिला ती मागणी ठाऊकच नव्हती. दोन वर्षे मी ती तिला सांगितली नव्हती. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग ते आधी नाही का होणार?" तो प्रस्ताव इतक्या लवकर निकालात निघाला, याचेच मला नवल वाटले, आणि मग कळले, की चार महिने तो अडला होता तो तिच्यामुळे नव्हे.

राहिला कार्पेटचा प्रश्न. एका रविवारी आम्ही कपाट सरकवून कोपऱ्यातले कार्पेट हाताने उचकटले. खाली गोंदाचे पिवळे चट्टे होते, आणि चट्ट्यांच्या मधून लाल रंग दिसत होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर तो आणखी लाल झाला. तो कोबा होता. बसवनगुडी, मल्लेश्वरम या १८९० च्या दशकात वसलेल्या वस्त्यांतील जुन्या घरांत जी लाल जमीन आढळते, जिला येथे गारे म्हणतात, तीच. सिमेंटात लोखंडाच्या गंजाच्या जातीचा लाल रंग मिसळायचा, थापीने घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत थर द्यायचा, कित्येक दिवस तो ओला ठेवायचा, आणि मग तेलाने वा मेणाने घासायचा. एकदा झाला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि पायांच्या घासण्याने त्याची झळाळी वाढत जाते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत वाचकांनी हाच कोबा पाहिला असेल. पुढे मोझेइक आले, मग चकचकीत टाइल्स आल्या, आणि तो घोटणारे हात दुर्मीळ झाले. आमच्या आधीच्या मालकांना तो जुनाट वाटला असावा. त्यांनी त्याच्यावर मऊ कार्पेट चिकटवले. मी त्या कार्पेटवर लाकडाचे चित्र बसवणार होतो. माझ्यानंतर येणारा त्याच्यावर आणखी काही घालता. प्रत्येकाने खर्च केला असता आणि प्रत्येकाला वाटले असते, की आपण घर सुधारले.

मी हे दैवी योगायोग म्हणून सांगत नाही. खाली ओबडधोबड सिमेंट निघाले असते, तरी विचारायचा प्रश्न तोच होता, आणि तो आम्ही चार महिने विचारला नव्हता: खाली काय आहे? नव्या वस्तूची चौकशी आम्ही तीन दुकानांत केली, आणि आपल्याच घरातला एक कोपरा उचकटून पाहायला चार महिने घेतले. रिकामी जागा आपल्याला सोसत नाही, त्याचे हे लक्षण. मोकळी जमीन दिसली की ती झाकावी असे वाटते, आणि कशाने झाकावी याचा विचार म्हणजेच विचार असे आपण समजतो.

गारेचे काम जाणणारा एक वृद्ध मेस्त्री मिळाला. त्याने मदतनीसाला घेऊन चार दिवस गुडघ्यांवर बसून गोंद खरवडला, तडे भरले, जमीन घासली. उखडण्या-खरवडण्याचे ४,६५० आणि दुरुस्तीचे ११,५०० मिळून १६,१५० रुपये झाले. तडे दिसतात, भरलेल्या जागी रंग थोडा निराळा आहे. जमीन पहाटे गार लागते, पत्नीचा तो आक्षेप अजून उभाच आहे. त्यासाठी आम्ही धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा, तेथल्या बायकांनी मागावर विणलेला जमखाना आणला आणि हिशेबाच्या वहीत त्याच्यापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिले, 'हौस'. तो दर रविवारी गच्चीवर नेऊन झटकता येतो. आपल्या जुन्या जाजमांत, सतरंज्यांत हाच शहाणपणा होता. सुख अंथरता येत असे आणि उचलताही येत असे. आई यंदा आली ती बाहेरच्या खोलीत निजली. खोकला पुरता गेला असे नाही, परंतु तिने वळकटी स्वयंपाकघराकडे नेली नाही. लाल जमिनीवर हात फिरवून ती म्हणाली, "ही लागली जमीन."

गावाकडे ३८ हजार पाठवले. दोन्ही खर्च मिळून ५४,१५०. त्या एका दरपत्रकाच्या निम्म्याहून थोडे अधिक. शहाबाद हे गाव कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातले. तेथला दगड महाराष्ट्रातल्या अगणित घरांत गेला, तो आमच्या माजघरातही गेला. येथवर हिशेब जुळतो, आणि हा निबंध येथेच संपवला असता तर मला शाबासकीही मिळाली असती.

परंतु काम झाल्यावर भावजयीचा फोन आला. ती फारसे बोलत नाही. एवढेच म्हणाली, "दादा, पावसाच्या आधी झालं ते बरं झालं." तिने ते कृतज्ञतेने म्हटले. मी मात्र फोन ठेवल्यावर मोजत बसलो. तिने मागितले होते त्यालाही पाऊसच पुढे होता, आणि त्यानंतर दोन पावसाळे गेले. आठवड्यातून एकदा सारवण धरले, तर दोन वर्षांत शंभराहून अधिक वेळा तिने ती भुई सारवली होती. माझ्या होकारानंतर. त्या शंभर वेळांची नोंद कोणत्याही दरपत्रकात नव्हती, कोणत्याही लेखाशीर्षाखाली नव्हती, आणि आता पाठवलेल्या रकमेतून ती फिटलेली नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घरासाठी केलेल्या खर्चाला चूक वा बरोबर ठरवणारा कोणी नसतो, असे मी समजत होतो. असतो. तो बहुधा आक्षेप घेत नाही, म्हणून आपण त्याला मोजत नाही.